मुंबईच्या गॅलरीने चित्रं मागितलीत, इथल्या संस्थेला तैलचित्र हवंय: किंमत आणि करार कसे ठरवायचे?

रंकाळा_ब्रश

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पूर्णवेळ चित्रकाम करतो. तैलरंग, निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं. आजवरची विक्री स्टुडिओतून आणि ओळखीपाळखीतून. सध्या दोन कामं एकदम समोर आली आहेत.

पहिलं: मुंबईतल्या एका गॅलरीला १२ चित्रं विक्रीसाठी ठेवायची आहेत. कमिशन ४० टक्के, आगाऊ रक्कम नाही, चित्र विकलं की पैसे. "करार वगैरे लागत नाही, विश्वासावर चालतं" असं म्हणणं आहे.

दुसरं: इथल्याच एका शिक्षणसंस्थेला सभागृहात लावायला संस्थापकांचं ३६ × ४८ इंचांचं तैलचित्र हवंय. त्यांच्याकडे एकच जुना कृष्णधवल फोटो आहे.

माझे आकडे असे. घर, रंग-कॅनव्हास, स्टुडिओचं भाडं मिळून महिन्याला ३०,००० खर्च. क्लासमधून १२,००० येतात. वर्षाला २०-२२ चित्रं होतात, त्यातली साधारण १२ विकली जातात. २४ × ३० इंचांचं चित्र १५,००० ला देतो. गॅलरीसाठी त्यात ४० टक्के मिळवून २१,००० सांगू का? करारात काय लिहून घ्यावं? आणि संस्थेच्या कामाला कोणता दर लावू?

---

मोजपट्टी

२१,००० सांगू नका. तुमचं गणित दोन ठिकाणी चुकतंय.

कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं, तुमच्या मूळ किमतीवर नाही. २१,००० चे ४० टक्के म्हणजे ८,४००. हातात उरले १२,६००. म्हणजे मुंबईत चित्र विकून स्टुडिओपेक्षा २,४०० कमी मिळाले. हातात हवी ती रक्कम ०.६ ने भागायची. १५,००० हवे असतील तर यादीतली किंमत २५,००० होते.

पण १५,००० हाच आकडा पुरत नाही. खर्च ३०,०००, क्लासचे १२,०००, म्हणजे महिन्याला १८,००० चित्रांतून यायला हवेत. वर्षाचे झाले २,१६,०००. विकली जातात १२ चित्रं, तेव्हा एका चित्रामागे १८,००० हातात पडायला हवेत. इथे भागाकार विकल्या जाणाऱ्या चित्रांनी करायचा, रंगवलेल्या चित्रांनी नाही. बहुतेक जण २२ ने भागतात आणि मग वर्षाच्या शेवटी पैसे का उरत नाहीत ते कळत नाही. १८,००० भागिले ०.६, म्हणजे ३०,०००. २४ × ३० म्हणजे ७२० चौरस इंच, दर पडला साधारण ४२ रुपये चौरस इंच. गॅलरी ३३ टक्क्यांवर आली तर हीच किंमत २७,००० च्या आसपास बसते, त्यामुळे कमिशनवर बोलून बघायला काहीच हरकत नाही.

हा ४२ चा दर सरसकट लावू नका. १२ × १२ चं चित्र ६,०४८ ला जाईल आणि ४८ × ६० चं १,२०,९६० ला. लहान चित्राला बसून काढण्याचे तास त्या प्रमाणात कमी होत नाहीत आणि मोठ्याचे त्या प्रमाणात वाढत नाहीत. काही जण लांबी अधिक रुंदी असा दर लावतात. ३०,००० ला ५४ ने भागलं तर इंचाला ५५५ येतात. त्याने १२ × १२ चं १३,३२० होतं आणि ४८ × ६० चं ५९,९४०. आता उलटी गत: लहान चित्र महाग वाटतं आणि मोठं फुकट जातं. माझ्या मते चौरस इंचाचाच दर ठेवावा, पण टप्प्यांत. २०० चौरस इंचांच्या आत ६० रुपये, मधल्या आकारांना ४२, १,५०० च्या पुढे ३६ आणि २,५०० च्या पुढे ३२. म्हणजे १२ × १२ ला ८,६४० आणि ४८ × ६० ला ९२,१६०. गिऱ्हाइकाला ही यादी पटते, कारण आकार वाढला की किंमत वाढते आणि कुठे अचानक उडी दिसत नाही. टप्प्यांच्या सीमेवरचे आकार मात्र एकदा हाताने तपासा, नाहीतर १,४४० चौरस इंचांचं चित्र १,५३६ वाल्यापेक्षा महाग निघेल. तिथे दोन्हींची किंमत हाताने सारखी करून घ्यायची.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. गॅलरीत ३०,००० आणि रंकाळ्याजवळच्या स्टुडिओत १५,००० असं चालणार नाही. मुंबईचा गिऱ्हाईक नाव शोधतो, इन्स्टाग्रामवर मेसेज टाकून भाव विचारतो आणि गॅलरीला दाखवतो. त्यानंतर ती गॅलरी तुमचं काम गिऱ्हाइकांपुढे ठेवत नाही. किंमत सगळीकडे एकच. जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवा की अमुक तारखेपासून नवे दर लागू, तोवर स्टुडिओत असलेली चित्रं जुन्या दराने. तारीख लेखी कळवा आणि पाळा. जुन्या दराने दिलेलं चित्र गॅलरीच्या यादीत नको.

वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास वाढ ठीक, पण किंमत खाली कधीच आणू नका. आधी घेतलेल्याला त्याचं चित्र स्वस्त झालेलं कळलं की तो पुन्हा येत नाही. मागणी कमी झाली तर लहान आकार जास्त करा, दर तोच ठेवा.

---

भिंत_आणि_खिळा

"करार लागत नाही" म्हणणारी गॅलरी वाईट असतेच असं नाही, पण कागद नसेल तर वाद झाल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं. त्यांनी दिला नाही तर तुम्हीच दोन पानी पत्र लिहा, ईमेलने पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर घ्या. त्याआधी एकही चित्र हलवू नका.

सोबत यादी जोडा. प्रत्येक चित्राचा क्रमांक, नाव, माध्यम, आकार, साल, यादीतली किंमत आणि समोरून-मागून फोटो. चित्रं पोचतील तेव्हा डिलिव्हरी चलनाच्या दोन प्रती, एकीवर गॅलरीची सही आणि शिक्का घेऊन परत आणायची. चित्र पोचलं आणि कोणत्या अवस्थेत पोचलं, या दोन्हींचा हाच पुरावा.

पत्रात मुख्य ओळ ही: पूर्ण पैसे मिळेपर्यंत चित्राची मालकी चित्रकाराची. पैसे गिऱ्हाइकाकडून आल्यापासून ३० दिवसांत तुमच्या खात्यात. गिऱ्हाईक हप्त्याने देणार असेल तर प्रत्येक हप्त्यातला तुमचा ६० टक्के वाटा त्याच वेळी, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत चित्र गॅलरीतच. हप्त्याचं कलम नसलं की चित्र बाहेर जातं आणि तुमचे पैसे "गिऱ्हाइकाने अजून दिले नाहीत" यावर अडकून पडतात.

सूट कोणाच्या वाट्यातून, हे आधी ठरवा. १० टक्क्यांपर्यंतची सूट दोघांनी निम्मी-निम्मी सोसायची, त्यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय द्यायची नाही. लिहिलं नसेल तर गॅलरी आपले ४० टक्के मूळ किमतीवर धरते. ३०,००० चं चित्र २७,००० ला गेलं, त्यांनी १२,००० घेतले, तुमच्याकडे १५,०००. सगळी सूट तुम्ही सोसलीत.

फ्रेम तुमच्या खर्चाची असेल तर कमिशन लावण्याआधी तिचा खर्च वजा व्हावा. ३०,००० मध्ये २,५०० ची फ्रेम धरली असेल तर २७,५०० चे ६० टक्के १६,५००, अधिक फ्रेमचे २,५००, असे १९,००० तुमचे. गॅलऱ्या हे सहसा मान्य करतात, फक्त कोणी मागत नाही.

जीएसटी किमतीत धरलाय की वेगळा, तेही लिहा. चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. ३०,००० मध्ये तो आतच धरला तर मूळ किंमत २८,५७१ होते आणि तुमचा वाटा १७,१४३. यादीत "कर वेगळा" एवढे दोन शब्द टाका.

मुदत सहा महिने, नंतर दोघांच्या संमतीने पुढे. परत पाठवण्याचा खर्च गॅलरीचा. चित्र उचलल्यापासून परत येईपर्यंत विमा गॅलरीने काढायचा, आणि नुकसान झालं तर निदान तुमचा ६० टक्के वाटा भरून द्यायचा. पावसाळ्यात गोडाऊनमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी धरते, तेव्हा जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून सुटी ठेवायची अट टाका. मुदत जूनमध्ये संपत असेल तर मेमध्येच चित्रं परत मागवलेली बरी.

एकाधिकार, म्हणजे तुमची चित्रं फक्त त्यांनीच विकायची असा हक्क, मागितला तर तो फक्त मुंबईपुरता आणि मुदतीपुरता द्या. तुमच्या सध्याच्या गिऱ्हाइकांची नावं लिहून त्यांना वगळा, स्टुडिओतल्या विक्रीवर कमिशन नाही हेही स्पष्ट करा. आणि विकत घेणाऱ्याचं नाव-गाव कळवण्याची अट हवीच. गॅलऱ्यांना हे कलम सगळ्यात नकोसं असतं, तरी सोडू नका. पुढे प्रदर्शनासाठी चित्र उसनं मागायचं तर ते कुणाच्या घरी आहे हे माहीत असायला हवं.

१२ च्या १२ चित्रं एकदम देऊ नका. पाच-सहा द्या, दोन महिन्यांत त्यांचा हिशेब आणि पत्रव्यवहार कसा आहे ते दिसतं. स्टुडिओही रिकामा होत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी भाड्याने आठवड्याचं प्रदर्शन करायचा विचार असेल तर अर्ज आत्ताच टाकून ठेवा, तिथे नंबर लागायला वर्षं जातात.

---

कलम_सतरा

गॅलरीवर वर पुरेसं आलंय. संस्थेच्या चित्रात एक गोष्ट आहे जी बहुतेक व्यक्तिचित्रकारांच्या लक्षात येत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला हक्कदार तिचा कर्ता. पण त्याच कलमाच्या (ब) पोटकलमात अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट चित्र काढून घेणाऱ्याचा. म्हणजे काहीच लिहिलं नाही तर संस्था ते चित्र स्मरणिकेवर, कॅलेंडरवर, बिल्ल्यांवर छापू शकते आणि तुम्हाला विचारायची गरज नाही. स्वतःच्या मनाने काढलेल्या निसर्गचित्राला हा अपवाद लागत नाही. ते विकलं तरी छापण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो.

यावर उपाय एका वाक्याचा. ऑर्डरच्या पत्रात लिहा: "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, संस्थेला स्वतःच्या अंतर्गत व स्मरणिकेच्या प्रकाशनांत, चित्रकाराच्या नावासह, चित्राची प्रतिमा वापरण्याची परवानगी आहे." संस्थेचा खरा उपयोग तेवढाच असतो, म्हणून सहसा कुणी हरकत घेत नाही. संस्थेच्या अधिकाऱ्याची सही काम सुरू होण्याआधी हवी. या एका वाक्यावर आणखीही काही अवलंबून आहे. कलम ५३ अ नुसार मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. पण तो मिळतो कलम १७ प्रमाणे पहिला हक्कदार असलेल्यालाच. कॉपीराइट संस्थेचा झाला तर हेही गेलं.

हेच पोटकलम त्या जुन्या फोटोलाही लागू आहे. संस्थेने पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतला असेल तर हक्क संस्थेचा. वर्तमानपत्रातला किंवा कुणा नातेवाइकाने काढलेला असेल तर तसं नाही. "हा फोटो वापरायला देण्याचा आम्हाला अधिकार आहे" असं एका ओळीचं पत्र संस्थेकडून घ्या.

किंमत: ३६ × ४८ म्हणजे १,७२८ चौरस इंच. मोजपट्टींच्या टप्प्यातला ३६ चा दर लावला तर ६२,२०८, म्हणजे ६२,००० म्हणा. मधे गॅलरी नाही म्हणून ४० टक्के कमी करायचा मोह होईल, करू नका. फोटोवरून चेहरा उभा करणं, समितीच्या भेटी, दुरुस्त्या, बसवून देणं, यात तो फरक जातो. पैसे तीन टप्प्यांत: ऑर्डरसोबत ४० टक्के म्हणजे २४,८००, रेखाटन मंजूर झाल्यावर १८,६००, चित्र ताब्यात देण्याआधी उरलेले १८,६००. शेवटचा हप्ता "उद्घाटनानंतर" असं कबूल केलंत की तो लांबतो.

दुरुस्त्या कोळशाच्या रेखाटनावर दोन वेळा, रंगावर एकदा, त्यापुढे वेगळे पैसे. आणि मंजुरी देणारी एकच व्यक्ती पत्रात नावानिशी नेमून घ्या. विश्वस्त मंडळात प्रत्येकाला संस्थापक वेगळे आठवतात: एकाला मिशी दाट हवी असते, दुसऱ्याला फेटा वेगळा. कृष्णधवल फोटोवरून कातडीचा वर्ण, फेट्याचा रंग, कोटाचं कापड हे रेखाटनाच्या वेळीच लेखी ठरवून घ्या.

बिल: संस्थेने वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक फी दिली तर ती १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापू शकते. ६२,००० वर ६,२०० कापून ५५,८०० हातात येतील. रक्कम बुडत नाही, आयकर खात्याकडे तुमच्या पॅनवर जमा दिसते आणि विवरणपत्र भरल्यावर कराशी वळती होते किंवा परत मिळते. बिलावर पॅन लिहा, नसेल तर २० टक्के कापतात. जीएसटी नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका आणि वर "टॅक्स इन्व्हॉइस" असं लिहू नका.

नोंदणीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. तुम्ही क्लासची फी घेता, ती सेवा. त्यामुळे तुमची मर्यादा २० लाख, आणि त्यात चित्रं व क्लास दोन्ही धरायचे. आत्ता तुम्ही त्याच्या बरेच खाली आहात. पण परराज्यात चित्र विकलं तर नियम बदलतात आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागू शकते. हस्तकलेला त्यात सवलती आहेत, त्यांच्या अटी बिल करण्याआधी सीएला दाखवून घ्या. बेळगाव तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे, पण कर्नाटकात आहे.

संस्थेचं काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. ही ओळ बिलाच्या तळाशी छापलेली असली की हिशेब विभागात बिल पुढे सरकतं.

---

रंकाळा_ब्रश

मनापासून आभार. गॅलरीला सहा चित्रांचं पत्र पाठवतो. दोन गोष्टी राहिल्या. चित्रं खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवली तर चालतील का? त्यातली दोन चित्रं एका महिन्यापूर्वीच संपवली आहेत. आणि संस्था तैलचित्राला रोज हार घालणार आहे, त्याचं काही करता येईल का?

---

टर्पेंटाइन

डिकीत नको. तिथे उष्णता साठते, वर बॅगा पडतात आणि मुंबईत उतरवताना कोण उचलेल याचा नेम नसतो. सहा चित्रांसाठी छोटा टेम्पो शेअरिंगमध्ये मिळतो का बघा, नाहीतर स्वतः कारने न्या.

महिन्यापूर्वीची दोन आत्ता पाठवू नका. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आत ओला असतो, आणि जाड थर असतील तर गुंडाळलेला कागदही चिकटतो. पक्कं व्हार्निश सहा महिने ते वर्ष थांबूनच. घाई असेल तर रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा, पातळ हात. त्या दोन्हींच्या जागी जुनी वाळलेली चित्रं द्या.

पॅकिंग करताना बबल रॅप रंगाला कधीच लावू नका, उन्हात फुग्यांचे गोल ठसे उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, नाही मिळाला तर सिलिकॉनवाला बेकिंग पेपर. चार कोपऱ्यांना थर्माकोलचे किंवा फोमचे तुकडे, म्हणजे पुढचा पुठ्ठा रंगापासून वर राहतो. मग बबल रॅप फुगे बाहेरच्या बाजूला करून, आणि वरून पाच थरांचा कोरुगेटेड पुठ्ठा. चित्रं उभी ठेवायची, आडवी रचायची नाहीत. दोन चित्रं एकत्र बांधायची तर रंगाच्या बाजू समोरासमोर आणि मधे पुठ्ठा. नाहीतर एकाच्या स्ट्रेचरची (कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीची) कड दुसऱ्याच्या कॅनव्हासला मागून खुपते आणि पुढे उंचवटा दिसतो, तो काही केल्या पूर्ण जात नाही. मोठं चित्र गुंडाळायची वेळ आली तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून, निदान सहा इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर. रंग आत ठेवून गुंडाळला तर थर दाबला जाऊन सुरकुततो आणि उलगडताना तडकतो.

क्रमांक आणि नाव मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करने लिहिलेलं काही वर्षांनी पुढून दिसायला लागतं.

हाराचं: ताज्या फुलांचा ओलावा आणि देठातून ठिबकणारं पाणी खालच्या कडेला साठतं. तिथूनच कॅनव्हास ढिला पडतो आणि रंगाला पापुद्रे येतात. हार घालू नका असं सांगून कुणी ऐकणार नाही, म्हणून फ्रेमच जाड घ्या, तीन इंच तरी. वरच्या कोपऱ्यांत फ्रेमच्या पुढे दीड-दोन इंच येतील असे पितळी हुक बसवा, म्हणजे हार फ्रेमवर लोंबेल, रंगाला टेकणार नाही. मागून कॅनव्हासला पातळ प्लायचं झाकण, हवा खेळायला त्याला वरखाली भोकं. भिंत आणि फ्रेम यांच्यात अर्धा इंच जागा राहील असे रबरी बूच लावा. उदबत्तीचं स्टँड चित्राच्या खाली नको, बाजूला निदान तीन फुटांवर. धूर वर जाऊन व्हार्निशवर पिवळा थर बसवतो.

हे सगळं एका पानावर छापून चित्रासोबत द्या आणि संस्थेच्या शिपायाला समोर उभं राहून दाखवा, रोज हार तोच घालणार आहे. फ्रेम आणि हुकांचा खर्च ६२,००० च्या वर वेगळा लावा. या आकाराला तो काही हजारांत जाईल, तेव्हा ऑर्डरच्या पत्रातच तशी ओळ टाका.